कडेवरचे मूल

१

मराठीत मूल 'कडेवर' घेतात. कमरेच्या बाजूला, खुब्याच्या हाडाच्या आधाराने मुलाला बसवायचे, एक हात त्याच्या पाठीशी ठेवायचा आणि मोकळ्या हाताने घागर उचलायची, चुलीतली लाकडे आत सारायची, अंगणातली कोंबडी हाकलायची. ही कृती आपल्याकडे इतकी स्वाभाविक आहे की ती करणाऱ्या शरीराचा विचार आपण सहसा करीत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात जी हाडे पुष्कळदा निकामी होतात त्यांत मांडीच्या हाडाचा, खुब्यात बसणारा गोल माथा प्रमुख आहे. त्याला रक्त पोचविणाऱ्या बारीक वाहिन्या वारंवार अडतात, हाड आतून मरते आणि पुढे शरीराच्या भारानेच खचते. हा विकार असलेल्या आईने मूल जेथे घ्यायचे, नेमकी तीच जागा अनेकदा दुखरी असते.

या विकाराचे स्वरूप थोडक्यात असे. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनची घडण किंचित बदललेली असते. प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या ताठ दोऱ्या बनतात आणि मऊ, गोलसर पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम उणे पडते आणि कडक झालेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की वेदनांचा झटका येतो. थंडी, अंगातील पाणी कमी होणे, ताप आणणारा संसर्ग व अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते होत.

ही यादी एकदा पुन्हा वाचावी. ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे त्या घरातील आईचा दिवस याच चार गोष्टींनी भरलेला असतो. पहाटेच्या गार पाण्यात लंगोट धुणे, स्वतः पाणी प्यायला विसरणे, मुलाचे सर्दीपडसे अंगावर घेणे आणि अपुऱ्या झोपेनंतर पुन्हा कामाला लागणे, यांतले काहीच तिला टाळता येत नाही. वैद्यकाच्या पुस्तकात जे टाळावे म्हणून लिहिले आहे, त्यालाच आपण संगोपन म्हणतो.

सिकलसेलच्या इतिहासात संशोधक आहेत, आजारी मुले आहेत, त्या मुलांचे दुःखी आईबाप आहेत. स्वतः आजारी असून मुले वाढविणारी व्यक्ती मात्र या इतिहासात फार उशिरा येते. ती उशिरा का आली आणि आल्यावर तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले गेले, हे शोधण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

प्रयोगशाळेने नाव देण्याच्या कितीतरी आधी पश्चिम आफ्रिकेने या आजाराला नावे दिली होती. घाना देशातील वैद्य फेलिक्स कोनोटे-अहुलु यांनी ती जमविली. अकान लोक त्याला 'अहोतुतुओ' म्हणत, फान्टे लोक 'न्वीवी'. या नावांत एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो. थांबून थांबून, त्याच जागी, त्याच लयीत परतणारी वेदना त्या ध्वनीत उतरली आहे, असे कोनोटे-अहुलु यांचे म्हणणे. ते स्वतः सिकलसेल असलेल्या कुटुंबातले. आपल्या घराण्यातील या आजाराचा माग त्यांनी पिढीमागून पिढी, नावानिशी, इसवी सन १६७० पर्यंत काढला. वंशावळ राजांचीच ठेवली जाते असा आपला समज असतो. येथे एका दुखण्याची वंशावळ एका घराने तोंडी जपली होती.

मराठी वाचकाला या नावांचे नवल वाटू नये. आपल्याकडेही दुखणे 'ठसठसते', 'ठणठणते', 'चुरचुरते'. आणि 'कळ' हा शब्द तर आपण सांध्यातील वेदनेलाही वापरतो आणि प्रसूतीच्या वेदनेलाही. सिकलसेल असलेल्या स्त्रीला दोन्ही कळा ठाऊक असतात.

ज्या काळात उपचार नव्हते त्या काळात या विकाराची बहुतेक मुले पहिल्या काही वर्षांतच जात. नायजेरियातील इग्बो लोकांत 'ओगबांजे' आणि योरुबा लोकांत 'अबिकू' ही कल्पना आहे: त्याच आईच्या पोटी पुन्हा पुन्हा जन्म घेणारे आणि पुन्हा पुन्हा निघून जाणारे मूल. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीतील एक्वेफी दहा मुलांना जन्म देते आणि त्यांतील नऊ बालपणीच जातात. पुढे १९८३ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या समजुतीमागे सिकलसेल असावा असे मांडले गेले. प्रत्येक बालमृत्यूला हे कारण लावता येणार नाही, हे उघड आहे. मलेरिया आणि अतिसार यांनीही घरे रिकामी केली. पण एकाच घरात अशी मुले का जन्मतात याचे एक उत्तर या विकाराच्या आनुवंशिकतेत मिळते.

एक्वेफीने आपल्या मुलांना ठेवलेली नावे मृत्यूची विनवणी करणारी आहेत. महाराष्ट्रातही मुले जगत नसत त्या घरी पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा अशी नावे ठेवीत. टाकाऊ वस्तूकडे मृत्यूचे लक्ष जाणार नाही, असा तो भोळा कावा होता. या नावांचा संबंध सिकलसेलशी जोडण्याचे कारण नाही. दूरच्या दोन समाजांतील आयांनी एकाच भीतीला एकाच रीतीने तोंड दिले, एवढेच येथे नोंदवायचे.

या जुन्या जगात आजारी मूल आहे, मूल गमावणारी आई आहे. आजारी आई मात्र नाही, कारण आजारी मुलगी आई होण्याच्या वयापर्यंत क्वचितच पोचत असे.

३

शिकागोत १९०४ मध्ये दंतवैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी ग्रेनाडा बेटावरून आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयन्स या शिकाऊ डॉक्टराने त्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी पाहिल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. नोएल आपल्या बेटावर परतला, दंतवैद्य झाला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. पेशींचे वर्णन करणाऱ्या त्या लेखाने वैद्यकाचा एक नवा अध्याय सुरू केला.

पुढच्या रुग्णांबरोबर कुटुंब हळूहळू चित्रात येऊ लागले. सेंट लुई येथे १९१५ मध्ये नोंदलेल्या एका तरुण स्त्रीची तीन भावंडे तीव्र रक्तक्षयाने आधीच गेली होती. व्हिक्टर एमेल यांनी १९१७ मध्ये तिच्या वडिलांचे रक्त तपासले. वडील धडधाकट होते. पण काचेखाली ठेवल्यावर त्यांच्याही पेशी वाकल्या. सिकलसेलच्या वैद्यकीय इतिहासात बाप म्हणून आलेला बहुधा हा पहिला मनुष्य आणि तो आला तो रक्ताच्या एका थेंबाच्या रूपाने. आपल्या लेकीचे त्याने काय केले, तिचे दुखणे कसे निभावले, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

व्हर्न मेसन यांनी १९२२ मध्ये 'सिकल सेल ॲनिमिया' हे नाव रूढ केले. आनुवंशिकतेचे कोडे १९४९ मध्ये सुटले. जेम्स नील यांनी अमेरिकेत आणि ई. ए. बीट यांनी आफ्रिकेत स्वतंत्रपणे दाखविले की, एक सदोष जनुक असणारी व्यक्ती 'वाहक' असते आणि बहुधा निरोगी राहते; दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच मूल आजारी होते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे सिद्ध केले. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो दोष नेमका कोठे आहे ते शोधले: प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. दरम्यान १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते हे मांडले. मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकून का राहिले, याचा उलगडा त्यातून झाला.

विज्ञानाचा हा फार मोठा विजय होता. पण त्यात पालकाचे स्थान काय ठरले? तो जनुकाचा वाहक झाला, आकृतीतील अर्धा रंगविलेला चौकोन किंवा वर्तुळ झाला. पुराणसमजुतींनी आईला शापित म्हटले होते. आता मूल आजारी का, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा तिच्याच रक्तात सापडले. यात बापाचाही तेवढाच वाटा आहे, हे सांगणारी पहिली भाषा विज्ञानाचीच होती, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. ती भाषा गावापर्यंत पोचायला मात्र अनेक दशके लागली.

४

मुले जगू लागली, त्याची कथा निराळी आहे आणि तिच्या केंद्रस्थानी घर आहे.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या १९४८ मध्ये लक्षात आले की, हा विकार घेऊन जन्मलेली अर्भके पहिले काही महिने बरी असतात. गर्भात असताना मुलाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. ते वाकत नाही. जन्मानंतर ते हळूहळू ओसरते आणि सहा महिन्यांच्या सुमारास आजार प्रकट होऊ लागतो, बहुधा हातापायांच्या बोटांच्या सुजेने. म्हणजे गर्भातील रक्त जाता जाताही काही काळ मुलाला सांभाळीत असते.

जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे १९७३ ते १९८१ या काळात १,००,००० नवजात मुलांचे रक्त तपासले गेले आणि ज्यांना हा विकार होता त्यांची पुढे वर्षानुवर्षे पाहणी झाली. ग्रॅहम सर्जंट यांच्या नेतृत्वाखालील या कामात एक मोठा धोका स्पष्ट झाला. लहान मुलांच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, अचानक रक्त साचते आणि काही तासांत मूल दगावते. यावर त्यांनी योजलेला उपाय साधा होता. आयांना मुलाच्या पोटावर बोटे ठेवून पाणथरी चाचपायला शिकविले. ती वाढलेली लागली की मुलाला उचलून तडक दवाखाना गाठायचा. या शिक्षणानंतर अशा प्रसंगी होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतले ज्ञान येथे आईच्या बोटांत आले.

त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने दाखविले की, लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकस या जंतूचा घातक संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. परिणाम इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबविली गेली. पाठोपाठ १९९५ मध्ये हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांच्या वेदनेच्या झटक्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. हे औषध रक्तातील गर्भकाळाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते. वॉटसन यांनी अर्भकांत जे पाहिले होते, तेच आता गोळीच्या रूपाने प्रौढांना मिळू लागले.

या सर्वांचा परिणाम आयुर्मानात दिसतो. अमेरिकेतील १९७३ च्या एका अंदाजानुसार रुग्णांचे मध्यम आयुर्मान १४.३ वर्षे होते. तेथीलच १९९४ च्या अभ्यासात ते पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ४८ वर्षे निघाले. या दोन आकड्यांच्या मध्ये आपली व्यक्तिरेखा जन्माला आली. चौदाव्या वर्षी संपणाऱ्या आयुष्यात लग्न नसते, बाळंतपण नसते, मुलाला शाळेत पोचविणे नसते. बेचाळीस आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ते सर्व असते.

५

ती आली तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. मेम्फिस येथील डॉक्टरांच्या एका गटाने १९७१ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. आईच्या जिवाला असलेला धोका पाहता गर्भधारणेचे फळ त्या मोलाचे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गर्भधारणा टाळावी, झाल्यास गर्भपात करावा आणि नसबंदीचा मार्ग स्वीकारावा, असा त्यांचा सल्ला. हे डॉक्टर निर्दय होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी तरुण स्त्रिया बाळंतपणात मरताना पाहिल्या होत्या. पण तो सल्ला जिला द्यायचा तिचे मत त्या हिशेबात कोठे होते, हा प्रश्न उरतोच.

त्याच सुमारास पॉलिंग यांनी आणखी पुढचे पाऊल सुचविले होते. सदोष जनुक असणाऱ्या तरुणांच्या कपाळावर एक खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत, असे त्यांनी १९६८ मध्ये लिहिले. कपाळावरील रेषा सटवाई सहाव्या रात्री लिहून जाते, असे आपल्याकडे मानतात. निदान ती कोणाला वाचता येत नाही. पॉलिंग यांना हवी असलेली रेषा सर्वांना वाचता आली असती. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांची रक्ततपासणी सक्तीची केली. त्या काळी वाहक आणि रुग्ण यांतील भेद नीट न सांगितल्यामुळे धडधाकट माणसांना नोकरी आणि विमा नाकारला गेल्याची उदाहरणे घडली. तपासणी हा उपकार आहे की कलंक, हे ती कोणत्या शब्दांत सांगितली जाते यावर ठरते.

मत बदलायला पंचवीस वर्षे लागली. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून १९७९ ते १९८६ या काळात ४४५ गर्भधारणांची नोंद ठेवली. तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. धोका खरा होता, कमी वजनाची मुले अधिक होती. पण योग्य देखरेख असेल तर या स्त्रियांना मातृत्वापासून परावृत्त करण्याचे कारण नाही, असे त्यात म्हटले होते. हा धोका आजही संपलेला नाही. मात्र निर्णय आता तिचा झाला.

याचे एक सर्वज्ञात उदाहरण 'टीएलसी' या अमेरिकन गायनसमूहातील टियॉन वॉटकिन्स यांचे. त्यांना बालपणीच सांगितले गेले होते की त्या तिशी ओलांडणार नाहीत आणि त्यांना मूल होणार नाही. त्यांनी जगभर कार्यक्रम केले, २००० साली त्यांना मुलगी झाली आणि २०१७ मध्ये त्यांनी आपल्या आजारपणाचे आत्मकथनही प्रसिद्ध केले. कीर्ती आणि पैसा असलेल्या स्त्रीचे हे उदाहरण आहे, हे विसरता येत नाही. पण वैद्यकाने वर्तविलेले भविष्य त्यांच्या आयुष्याने खोटे ठरविले, हेही तितकेच खरे.

६

भारतात हा विकार १९५२ मध्ये नोंदला गेला, तोही एकाच वर्षी दोन टोकांना. लेमान आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत तो दाखविला; डनलप आणि मझुमदार यांनी वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत. नागपुरातून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील वाहकांची नोंद केली. पुढे ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, गुजरातचा दक्षिण भाग, वायनाड आणि महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचा पट्टा या नकाशात आला. विदर्भात तो आदिवासींबरोबर अनुसूचित जातींतही आढळतो. म्हणून 'आदिवासींचा आजार' हे त्याचे रूढ वर्णन अपुरे आहे.

ओडिशातील बुर्ला येथील बी. सी. कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले की, तेथील रुग्णांच्या रक्तात गर्भकाळाचे हिमोग्लोबिन अधिक टिकते आणि त्यांचा आजार तुलनेने सौम्य असतो. ही आनंदाची बातमी होती. परंतु भारतीय सिकलसेल सौम्यच, असा सोयीस्कर समज तिच्यातून पसरण्याचा धोकाही होता. नागपूर परिसरातील मुलांच्या नंतरच्या अभ्यासांत पुष्कळ तीव्र आजार दिसून आला. 'सौम्य' हा शब्द शेवटी कोणाच्या तुलनेत वापरायचा? आषाढात गुडघाभर गार चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या, बांधावर झाडाच्या सावलीत तान्हे मूल निजवून आलेल्या स्त्रीला त्या दिवसाची मजुरी हवी असते. अंग दुखते म्हणून घरी राहिली तर मजुरी बुडते, गेली तर रात्री कळा येतात. बापाच्या वाट्यालाही हीच अडचण येते; महिन्यातून चार दिवस अंथरुणाला खिळणारा मजूर मुकादमाच्या लेखी आळशी ठरतो, कारण हे दुखणे बाहेरून दिसत नाही.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचा उन्हाळाही याच यादीत धरला पाहिजे. रुग्णाने दिवसभर भरपूर पाणी प्यावे असा सल्ला प्रत्येक दवाखान्यात मिळतो. अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी त्याहूनही अधिक लागते. ज्या वस्तीवर पाणी दूरच्या विहिरीवरून आणावे लागते तेथे हा सल्ला अमलात आणायचा तर आधी घागर उचलावी लागते.

औषधाचाही पेच आहे. हायड्रॉक्सियुरिया गर्भाला अपाय करील या भीतीने गर्भधारणेपूर्वी काही महिने ते थांबविण्याचा सल्ला देतात. म्हणजे मूल हवे असलेल्या स्त्रीने आपल्या वेदनेवरील सर्वांत भरवशाचे औषध सोडून गरोदरपण काढायचे. स्तनपानाच्या काळात ते घ्यावे की नाही, याविषयीचे वैद्यकीय मत अलीकडच्या अभ्यासांमुळे बदलत आहे. दरम्यानच्या दीड-दोन वर्षांत तिच्या वेदनेचा भार सासू, आई, नणंद किंवा थोरली मुलगी उचलते. आजारी आईच्या घरात सहा-सात वर्षांचे मूल धाकट्याला खेळवायला आणि आईला तांब्याभर पाणी द्यायला लवकर शिकते. याला कोणी सुसंस्कार म्हणेल, कोणी बालपणाची चोरी. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि घरातले कोणी त्यावर चर्चा करीत बसत नाही.

कायद्याने या रुग्णांची दखल २०१६ मध्ये घेतली. त्या वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. तपासलेल्यांना कार्ड दिले जाते आणि लग्न ठरविताना दोन्ही कार्डे जुळवून पाहावीत, असे सांगितले जाते.

कल्पना योग्य आहे. दोन वाहकांच्या प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते आणि ती लग्नाआधी कळणे हिताचे आहे. पण हे कार्ड कोणाच्या हातात पडते, यावर त्याचा अर्थ ठरेल. आपल्या समाजात स्थळ पाहताना दोष मुलीचा शोधण्याची रीत जुनी आहे. कपाळावरची खूण आणि हातातले कार्ड यांत फरक आहे तो एवढाच की, कार्ड मिटून ठेवता येते आणि ते कधी दाखवायचे हे धारकाने ठरवायचे असते. तो फरक टिकला पाहिजे.

७

'निर्मूलन' या शब्दापाशी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. देवीचा रोग निर्मूल झाला तो विषाणूच्या नाशाने. येथे नाहीसे व्हायचे आहे ते नव्या मुलांतील आजारपण. आज जी माणसे हा विकार घेऊन जगत आहेत ती निर्मूलनाचा विषय नाहीत. ती घर चालवीत आहेत. योजनेची भाषा पुढच्या पिढीकडे पाहते तेव्हा तिच्या नजरेतून हीच पिढी निसटण्याचा संभव असतो. मुलाच्या रक्ताची नोंद ठेवणाऱ्या वहीत त्याला घेऊन आलेल्या आजारी आईसाठीही एक रकाना असायला हवा: या महिन्यात तिला किती वेळा कळा आल्या आणि त्या दिवशी मूल कोणी सांभाळले?

ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस जनुकात बदल करून आजार रोखणाऱ्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. या उपचारातही गर्भकाळाचे हिमोग्लोबिन पुन्हा वाढविले जाते. वॉटसन यांचे १९४८ मधील निरीक्षण असे पाऊणशे वर्षांनी उपचारात उतरले. रोवणीच्या बांधावरून मात्र ते अजून दिसतही नाही. तेथे आज कामाला येतात त्या गोष्टी जुन्या आणि स्वस्त आहेत: फोलिक ॲसिडची गोळी, नियमित मिळणारे हायड्रॉक्सियुरिया, मुलांसाठी पेनिसिलिन, गरोदरपणी वेळेवर मिळणारे रक्त, आणि दुखण्यावर विश्वास ठेवणारा डॉक्टर.

या आजाराच्या आनुवंशिक गणितात एक कठोर ओळ आहे. ज्या आईला किंवा बापाला हा विकार आहे त्यांचे प्रत्येक मूल निदान वाहक असणारच. त्यातून सुटका नाही. जोडीदार वाहक असेल तर निम्मी शक्यता आजाराची. आपण मुलाला हे दिले, ही टोचणी घेऊन जगणारे पालक थोडे नाहीत. वंशपरंपरेचा हा हिशेब चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. पालक मुलाला देतात त्यांत तो एक जनुक असतो. पाणथरी चाचपणारी बोटेही असतात, थंडीत पायांत मोजे घालण्याची आठवण असते आणि दुखणे कसे सोसावे, कोणाला सांगावे, कधी दवाखाना गाठावा, याचे ज्ञान असते. कोनोटे-अहुलु यांच्या घराण्याने १६७० पासून आजाराची नावे सांभाळली, तेव्हा त्यांनी हेच सांभाळले होते.

दुखऱ्या बाजूवरून मूल दुसऱ्या बाजूला घेणे ही क्रिया आई न बोलता करते. तिने कूस का बदलली, हे कडेवरच्या मुलाला कळत नाही. इतिहासालाही ते फार काळ कळले नव्हते. आता कळू लागले आहे, तर त्याची नोंद तिच्या बाजूने व्हावी.